साहेबांचा होकार

दूतावासात त्यांना सगळे सरहद्दकाका म्हणत. नाव ठेवलं ड्रायव्हरनं, आणि ठेवलं ते निव्वळ चेष्टेनं; पण काकांना ते इतकं आवडलं की पुढे कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते चटकन वळूनही बघायचे नाहीत. काका फाटकावरचे दरवान. कुणीही नवा माणूस कामाला लागला, मग तो माळी असो की हिशेबनीस, काका त्याला पहिल्याच दिवशी फाटकाशी नेऊन उभं करायचे आणि फाटक ज्यावरून सरकतं त्या लोखंडी रुळाकडे बोट दाखवायचे. रुळाच्या बाहेर आपला देश, आत त्यांचा. आत आपला पोलीस चालत नाही, कोर्टाचा माणूस चालत नाही, बोलावल्याशिवाय मंत्रीसुद्धा चालत नाही. आता खरं सांगायचं तर कायद्यात असं काही नसतं. जमीन आपलीच असते. राजदूतांनी होकार दिल्याशिवाय आपल्या सरकारी माणसानं तिथे पाऊल टाकायचं नाही, एवढाच काय तो नियम. पण हा बारकावा काकांना सांगायला जावं, तर ते असे बघायचे की जणू आपण त्यांच्या पगारालाच हात घातलाय. मग कोण कशाला तोंड उघडतंय!

त्यांची बायको त्याच दूतावासात, तळघरातल्या इस्त्रीच्या खोलीत कामाला होती. मेजवानीचे टेबलक्लॉथ, हातरुमाल, साहेबांचे शर्ट, गाडीवरचा झेंडा, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी बोलायला फटकळ. स्वयंपाक्याला तर एका वाक्यात गार करायच्या. म्हणायच्या, "आम्ही नवराबायको रोज परदेशी जातो, आणि डबा मात्र घरचा नेतो." सगळे हसायचे, काका सोडून. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

घरी दोन खोल्या, आणि एकुलती एक मुलगी. रात्रीच्या जेवणाला काकांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. राजदूत म्हणून कुणाला पाठवायचं ते आधी गुपचूप विचारून घेतात, आणि यजमान देशानं नको म्हटलं तर त्यानं कारण सांगायचीही गरज नसते. नवा राजदूत नुसता विमानातून उतरला म्हणजे झालं असं नाही. आपल्या राष्ट्रप्रमुखाचं पत्र इथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात ठेवायचं, तेव्हा कुठे तो पुरता राजदूत. गाडीवरचा झेंडा साहेब आत बसलेले असले तरच फडकवायचा, नाहीतर त्याला खोळ. आणि मानाच्या जागेवर कोण बसणार हे देश केवढा त्यावर नाही, कोण आधी आला त्यावर ठरतं. चिमूटभर देशाचा जुना राजदूत अवाढव्य देशाच्या नव्या राजदूताच्या वर बसतो. मुलगी लहान होती तोवर हे आ वासून ऐकायची. मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तशी "बाबा, भाजी गार होतेय" म्हणायला लागली. वहिनी मात्र तेच तेच ऐकत बसायच्या, मधून मधून हूं करायच्या आणि त्यांच्या पानात वाढायच्या.

वहिनींनी काय काय ऐकून घेतलं आणि चालवून घेतलं, ते लिहायला बसलं तर माझाच संताप होतो. मुलगी झाली त्या दिवशी काका फाटकावर, कारण कुठले तरी परराष्ट्रमंत्री यायचे होते. वहिनी कळा सोसत शेजारणीबरोबर दवाखान्यात गेल्या. वहिनींचे वडील वारले, तेव्हा राष्ट्रीय दिनाची मेजवानी होती. काका पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. शेजारीण म्हणायची, काय बाई हा माणूस, तू कसं चालवून घेतेस? वहिनी म्हणायच्या, "त्यांचं तसंच आहे." आणि विषय बदलायच्या.

काका पहिल्यापासून असे कडक होते असंही नाही. नव्यानं लागले होते तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर एक खिसेकापू पळत आला आणि कुंपणावरून उडी मारून आत शिरला. मागून पोलीस धावत आला, धापा टाकत म्हणाला उघड, आणि काकांनी फाटक उघडलं. कुणीही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पोलिसानं हिरवळीवर चोराची गचांडी धरली आणि वरच्या खिडकीतून तेव्हाचे राजदूत बघत होते. झालं! परराष्ट्र मंत्रालयाकडे निषेध गेला, तिकडून दिलगिरी आली, आणि काकांना कचेरीत उभं करून सगळ्यांसमोर असं झाडलं की त्यांचे कान लाल झाले. पुन्हा असं झालं तर घरचा रस्ता धरायचा. होकाराशिवाय कुणी नाही, हे वाक्य त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. वहिनींनीच समजूत काढली, बळंबळं दोन घास खायला लावले.

तेव्हापासून काकांनी फाटकाचं जे मनावर घेतलं ते घेतलंच. पाण्याचं मीटर बघायला आलेला नगरपालिकेचा माणूस ऊन डोक्यावर घेऊन बाहेर उभा. टेलिफोनवाला उभा. राजदूत बदलत गेले. तीन-चार वर्षं झाली की एक जायचे, दुसरे यायचे. काही चांगले, काही नुसतेच उंच. जाताना प्रत्येक जण काकांशी हात मिळवायचा आणि म्हणायचा, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त. त्या वाक्यावर काका पुढची तीन वर्षं काढायचे.

आगीची गोष्ट अगदी अलीकडची. भर दुपार होती. थोरले साहेब, म्हणजे राजदूत, परराष्ट्र मंत्रालयात बैठकीला गेले होते, आणि तिथे फोन बाहेर काढून ठेवावे लागतात. धाकटे साहेब, म्हणजे त्यांच्या खालचे, गावात कुठे तरी जेवायला गेलेले. तळघरातली कुठली तरी वायर जळाली आणि खालच्या जाळीतून धूर यायला लागला. स्वयंपाकी ओरडत बाहेर आला. त्याच्यामागून सगळी कचेरी हिरवळीवर येऊन उभी राहिली. दुभाषीबाईंनी आगीच्या बंबाला फोन केला, आणि बंब आलाही लगेच. पण फाटक बंद, आणि फाटकापुढे काका.

बंबावरचा प्रमुख खाली उतरला. चांगला पोक्त माणूस होता. म्हणाला, फाटक उघडा. काका म्हणाले, साहेबांचा होकार येऊ द्या. प्रमुखाला वाटलं आपण काही तरी चुकीचं ऐकलं. त्यानं धुराकडे हात केला, काकांनी फोनकडे. थोरल्या साहेबांचा फोन बंद. धाकट्या साहेबांचा वाजतोय, उचलत कुणी नाही. प्रमुखानं हात जोडले, मग शिवी दिली, मग पुन्हा हात जोडले. फाटक तोडायची त्याचीही छाती नव्हती. नियम त्यालाही ठाऊक होता, आणि नाक्यावरचा पोलीस आपल्या वरच्यांना वायरलेसवर विचारतच बसला होता. हिरवळीवरून दुभाषीबाई ओरडत होत्या, काका, उघडा हो. काकांनी वळून हिरवळीकडे पाहिलं. मग पुन्हा फोन लावला.

अखेर धाकट्या साहेबांनी उचलला. काकांनी सगळं रीतसर सांगितलं, आग लागली आहे, बंब दारात आहे, आत घेऊ का. पलीकडून साहेब म्हणाले, "अहो, हे काय विचारायचं असतं? उघडा आधी!"

काकांनी फाटक सरकवलं.

आग मोठी नव्हतीच. इस्त्रीच्या खोलीशेजारची मीटरची कोठी, एवढंच जळलं; खोलीत आणि बाहेरच्या बोळात नुसता धूर कोंडला होता. बंबवाल्यांनी बघता बघता विझवली. वहिनी त्या बोळात सापडल्या. अंगाला आगीचा चटकासुद्धा नव्हता, नुसता धूर नाकातोंडात गेला होता. त्या सगळ्यांबरोबर वर यायला निघाल्या होत्या, स्वयंपाक्यानं जिन्यात त्यांना मागे पाहिलंही होतं, आणि मग त्या माघारी वळल्या असाव्यात. कशाला, ते नंतर लोकांनी ताडलं. खोलीतली इस्त्री बंद केलेली होती, बटण दाबून, वायर गुंडाळून. नवरा जसा फाटकाला बांधलेला, तशी ही आपल्या इस्त्रीला. काय बोलायचं आता!

मुलगी दुकानाचा कोट अंगावर तसाच ठेवून इस्पितळात धावत आली, तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर बाई तरुण होती, तिला वाईट वाटत होतं. बोलता बोलता ती बोलून गेली की थोडं आधी बाहेर काढलं असतं तर वाचल्या असत्या. तिच्या मनात काही नव्हतं. मुलगी वडिलांकडे बघत राहिली आणि काका भिंतीकडे.

घरी माणसं आली, बसली, गेली. मग एक दिवस थोरले साहेब स्वतः आले. इतक्या वर्षांत कुठलाही राजदूत काकांच्या घरी आला नव्हता. गल्लीतली पोरंटोरं त्या काळ्या गाडीभोवती गोळा झाली. साहेब त्या लहानशा खोलीत खुर्चीच्या काठावर बसले, शेजारी दुभाषीबाई. आता दुभाषी लोकांची एक रीत असते. समोरचा जे बोलतो ते, "ते म्हणतात की" असं न लावता, जसंच्या तसं बोलायचं. मी म्हटलं तर मी. साहेब हळू आवाजात बोलले आणि बाई बोलल्या, "मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. तुम्ही जे केलंत तेच करायला हवं होतं. माझ्या देशाला तुमचा अभिमान वाटतो."

मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "हे तुम्ही म्हणताय की ते?"

"ते," दुभाषीबाई म्हणाल्या, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. वहिनी आणि त्या दुपारचा डबा एकत्र खायच्या, किती तरी वर्षं. साहेब गडबडले. पुढे काही बोलले असते तरी ते सांगणार कोण. काकांनी उठून त्यांना गाडीपर्यंत पोचवलं, दार उघडून धरलं.

मुलगी वकिलाकडे गेली. आई गेली ती कुणाच्या तरी चुकीनं गेली, आणि त्या कुणाला तरी कुणी तरी जाब विचारायला हवा, एवढंच तिचं म्हणणं. वकिलानं तिला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. राजदूतांवर इथल्या कोर्टात खटला चालत नाही. त्यांच्या खालच्या साहेबांवर चालत नाही. त्यांना साक्षीलासुद्धा बोलावता येत नाही. वायरिंग कुणी बघायचं होतं, होकार द्यायला कुणी जागेवर असायला हवं होतं, हे विचारायला त्या इमारतीत जाताही येत नाही. ज्यांच्या हातात काही होतं त्या सगळ्यांत इथला साधा नागरिक, ज्याला जाब विचारायला बोलावता येईल, असा एकच माणूस आहे. मुलीनं विचारलं कोण. वकील म्हणाला, "तुमचे वडील."

ती घरी आली आणि पायातल्या चपला न काढता तशीच खाटेवर बसून राहिली. काका समोर बसले होते. तिनं विचारलं, "बाबा, आई हिरवळीवर नाही, हे तुम्हाला दिसलं होतं का?"

काका म्हणाले, फार धूर होता गं. गडबड होती.

तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा धुराचंच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते ताटावरून उठून गेले. मग तिनं विचारणं सोडलं. भांडली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. स्वयंपाक करायची, काकांचं जेवण झाकून ठेवायची आणि आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जायची. काही सांगायचं असलं तर हवेत सांगायची: दूध संपलंय, कुलूप लावायचंय. बाबा हा शब्द तिच्या तोंडी येईनासा झाला.  एकदा काकांनी जेवताना झेंड्याच्या खोळीचं काही तरी सुरू केलं, सवयीनं. समोर कुणीच नाही हे अर्ध्या वाक्यात लक्षात आलं आणि ते खाली बघून जेवायला लागले.

मुलीनं खटला केला नाही. पण अग्निशमन दलाची आपली वेगळी चौकशी असते, कुणी दगावलं की ती होतेच. काकांना बोलावणं आलं. धाकट्या साहेबांनी त्यांना कचेरीत बसवून घेतलं, स्वतः चहा मागवला. हा माणूस वाईट नव्हता, बरं का. फोन आपण वेळेवर उचलला नाही, हे त्यालाही खात होतं. तो म्हणाला, इमारतीच्या आतलं काही विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधलेले नाही. आणि आत कुणी राहिलंय हे तुम्हाला फाटकावरून कळायला मार्ग नव्हता. एवढंच सांगा. विषय तिथेच मिटेल. काका हो म्हणाले. साहेबांना नाही म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

चौकशीची खोली साधीच होती. एक लांब टेबल, मागे फायलींची कपाटं, भिंतीला टेकवलेली बाकडी. मुलगी आली होती. घरून काकांबरोबर निघाली नव्हती, मागच्या बसनं आली आणि शेवटच्या बाकड्यावर बसली. बंबावरचा प्रमुखही होता. त्यानं आपलं सांगितलं, काकांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. चौकशी अधिकारी वयानं मोठे होते आणि त्यांनी आधीच सगळं वाचलेलं दिसत होतं. त्यांनी काकांना बसायला सांगितलं. नियमाबद्दल विचारलं, फोनबद्दल विचारलं. काकांनी सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला. समोरच्या माणसाची बायको गेलीय, त्याला मोकळं करावं, असंच त्यांच्या मनात असावं.

"आत कुणी अडकलंय हे तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. बरोबर ना?"

नुसती मान हलवायची होती.  काकांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मुलगी मागे बसलीय हे त्यांच्या पाठीला कळत होतं. घरातलं ते मुकं ताट, ते हवेत बोलणं, आणि ही पोर रोज आईचा टॉवेल दांडीवरून काढून पुन्हा तिथेच वाळत घालते, ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"ठाऊक होतं," काका म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा लावला. काका कुणी न विचारता पुढे बोलत राहिले. "मी हिरवळीकडे पाहिलं होतं. सगळे होते तिथे. माळी, टायपिस्ट, स्वयंपाकी. ही नव्हती. मी तिला कितीही गर्दीत ओळखतो, साहेब. पाठमोरी असली तरी ओळखतो. ती नव्हती."

 अधिकाऱ्यांनी एवढंच म्हटलं की तुम्ही हे लिहून घ्यायला सांगताय का, विचार करा. काका म्हणाले, घ्या लिहून. त्यांनी सही केली आणि ते बाहेर आले. फाटकावरच्या त्यांच्या नोकरीचं काय होणार, धाकटे साहेब काय म्हणतील, हे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना एकाच गोष्टीची आस होती. पोरीनं आता तरी आपल्याकडे बघावं.

मुलगी जिन्यावर उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी सरळ. किती तरी दिवसांनी ती त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली.

"मग का नाही उघडलंत?"

हे उत्तर काकांजवळ पहिल्या दिवसापासून होतं. म्हणून तर ते धुराचं सांगत राहिले होते. आता ते बाहेर आलं.

"मला वाटलं, आता लागेलच फोन. जरासाच वेळ. तेवढं ती थांबेल." मग ते म्हणाले, "मला वाटलं, ती समजून घेईल. नेहमी घ्यायची ना."

 मुलीला संताप आला असता तर काकांना तो चालला असता, त्यांनी तो झेलला असता. पण तिच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. तिला त्यांची कीव आली होती, आणि ती लपवायचं तिला सुचलं नाही.

"समजून नव्हती घेत, बाबा," ती म्हणाली. "नुसती गप्प बसायची. रात्री माझ्या शेजारी येऊन रडायची."

ती जिना उतरून गेली. काकांना बायकोचं रडणं आठवेना. सासरे गेले तेव्हाचंही नाही, मुलगी झाली तेव्हाचंही नाही. ते कधी तिथे नव्हतेच. त्यांनी कठड्याला हात धरला आणि ते तिथेच उभे राहिले, लोक त्यांना वळसा घालून जात-येत राहिले. मग कचेरी बंद करायला आलेल्या शिपायानं विचारलं, काका, कुणाची वाट बघताय का. ते नाही म्हणाले.